धांवण्यापूर्वीचीं दहा मिनिटें

१ ऑक्टोबर २०२० रोजीं मिरा-भाईंदर व वसई-विरार यांसाठीं पोलीस आयुक्तालय सुरू झालें, आणि भरतीची शारीरिक कसोटी येथील तरुणांच्या दाराशीं आली. शिपाईपदाच्या पुरुष उमेदवारास १६०० व १०० मीटर धांवावें लागतें, गोळाहि फेकावा लागतो. ५० पैकीं निम्मे गुण न मिळाल्यास लेखी परीक्षेचें दार उघडत नाहीं.

पहाटेपासून रांगेंत आखडून बसलेला तरुण नांव पुकारतांच पळूं लागला, तर त्याचे गुण तेथेंच गळतात. थंड स्नायु मंदपणें आकुंचन पावतो. दहा मिनिटें हळूहळू धांवल्यानें स्नायूंचें तपमान व रक्ताचा पुरवठा वाढतो आणि पायांत चपळाई येते. मात्र एकच स्नायु मिनिटाहून अधिक काळ ताणून धरल्यास त्याचा जोर कांहीं वेळ उणावतो. म्हणून आधीं पाय झुलवावे, गुडघे उंच उचलावे, दोन-चार आखूड धांवा घ्याव्या. दीर्घ ताण कसोटीनंतर द्यावे. विलंब झाल्यास अंग पुन्हां गार पडतें, तेव्हां हालचाल चालूच ठेवावी.

देहाच्या घडणीस मात्र महिने लागतात. मेद घटून तितकाच स्नायु वाढला, तर वजनाचा कांटा हलत नाहीं. कंबर तेवढी आटते. म्हणून घाबरून जेवण तोडणारा तरुण मेदाबरोबर बळहि गमावतो. १९४८ सालीं लंडन येथें फ्लायवेट गटांत सहावे आलेल्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्याहून वरच्या बँटमवेट गटांत कांस्यपदक जिंकलें. वाढलेलें प्रत्येक वजन कांहीं ओझें नसतें.