थायरॉईड, आहार आणि आपली व्रते

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्य-प्रबोधन सभेत केलेले भाषण)



मी वैद्य नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चाळीस वर्षे कापडाच्या पेढीवर बसलेला एक व्यापारी आहे. तरीही आज आरोग्यावर बोलण्याचे धाडस करीत आहे, कारण या विषयातील अज्ञानाची किंमत माझ्या घराने मोजली आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या सौभाग्यवतीस सतत थकवा येऊ लागला. केस गळू लागले, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, ऐन वैशाखात तिला थंडी वाजे. रक्ततपासणीत थायरॉईडचे कार्य मंदावल्याचे आणि त्या ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात असल्याचे आढळले. डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली. सहा महिन्यांत प्रकृती सुधारली आणि माझ्यातील हिशेबी माणूस जागा झाला. ‘आपला आहार सात्त्विक, कंदमुळे वर्ज्य, रात्रिभोजन नाही; मग जन्मभर गोळी कशासाठी?’ असे म्हणून मी ती बंद करविली. पुढे चातुर्मास आला. ती प्रतिक्रमणात पेंगू लागली, मुखोद्गत सूत्रे विसरू लागली. मी चारचौघांत म्हणालो, "हा प्रमाद आहे." बंधूंनो, तो प्रमाद नव्हता. तो आजार होता आणि त्याला घरात परत बोलावणारा मीच होतो.

हा आजार काय आहे, हे मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी हा एक माग समजा. आयोडीन हे त्याचे सूत आणि संप्रेरक हे त्याचे कापड. सूतच मिळाले नाही तर माग रिकामा राहतो. गलगंडाचा जुना प्रश्न तो हाच. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून केलेल्या अभ्यासात आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण घटल्याचे दिसले. 1962 साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

परंतु माझ्या घरातील दुखणे निराळे होते. त्यात सूत पुरेसे असते, मागच खराब होत जातो. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीला परकी समजून तिच्यावर हल्ला करते. 1912 साली हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी या रोगाचे प्रथम वर्णन केले, म्हणून त्यास त्यांचे नाव मिळाले. अशा रुग्णांच्या रक्तात थायरॉईडविरुद्ध प्रतिपिंडे असतात, हे 1956 साली लंडनच्या संशोधकांनी दाखविले. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा रोग कितीतरी अधिक आढळतो. माग मोडला असता कितीही सूत आणून ओतले तरी कापड निघत नाही. गोळी म्हणजे बाहेरून आणलेले तयार कापड होय. मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी मालाची मागणी करणारी चिठ्ठी पाठविते, तीच टीएसएच. माल कमी पडला की चिठ्ठ्या वाढतात, म्हणून या रोगात टीएसएच वाढलेले दिसते.

मग आहाराचे महत्त्व नाही काय? निश्चित आहे, पण त्याच्या जागी. प्रौढ माणसास दिवसाला सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. गर्भवतीस त्याहून अधिक. आयोडीनयुक्त मिठाच्या रोजच्या माफक वापरातून ते मिळते. काही घरांत बारमाही सैंधव वापरतात. त्यातून आयोडीनची गरज भागत नाही. उलट समुद्रशेवाळाच्या गोळ्यांतून अतिरिक्त आयोडीन गेल्यास हा रोग बळावू शकतो. शिजविलेली कोबी-फ्लॉवर नेहमीच्या प्रमाणात खाण्यास हरकत नाही. गहू सोडल्याने हा आजार बरा होतो, यास आधार नाही. गव्हाचे ज्यांना खरोखर वावडे आहे त्यांची गोष्ट वेगळी.

आपल्या समाजाने बी-12 जीवनसत्त्वाकडे विशेष लक्ष द्यावे. शाकाहारात ते मुख्यतः दूध-दह्यातून मिळते, आणि आयंबिलात तेही बंद असते. या जीवनसत्त्वाच्या किंवा लोहाच्या कमतरतेचा थकवा थायरॉईडसारखाच भासतो. म्हणून तर्क न करता तपासणी करावी.

आता आपल्या व्रतांविषयी. ही गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावयाची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खावयाचे नसते. नवकारसी करणाऱ्यांनी सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी पच्चक्खाण पारून उकळलेल्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि न्याहारी थोडी पुढे ढकलावी. चहा-दुधाबरोबर ती घेऊ नये. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. या औषधाचा अंश शरीरातून निम्मा होण्यास सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे एका उपवासाने अनर्थ होत नाही. पण अठाई किंवा मासक्षमणापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे. पच्चक्खाणात आगार ठेवलेले आहेत. आजारपणात त्यांचा अर्थ काय, हे गुरुमहाराजांना विचारण्यात कमीपणा नाही. सुनेस किंवा लेकीस दिवस गेले असतील, तर तपासणीस एक दिवसही विलंब करू नये, कारण त्या काळात औषधाची गरज बहुधा वाढते.

गोळी पुन्हा सुरू झाल्यावर माझी सौभाग्यवती हळूहळू पूर्ववत झाली. त्या वर्षी संवत्सरीला मी गावभर ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणत फिरलो. पण सर्वांत आधी घरात, तिच्यासमोर हात जोडले. ती एवढेच म्हणाली, "अहो, मला आळशी म्हणालात, त्याचे वाईट वाटले."

अहिंसा घरातही पाळावयाची असते. आपल्या घरातील एखादी माऊली थकत असेल, तर तिला दोष देण्यापूर्वी तिचे रक्त तपासून घ्या, ही हात जोडून विनंती करतो आणि माझे दोन शब्द संपवितो.

जय जिनेंद्र!