उपकेंद्राला कुलूप, घराला घोर
(जिल्हा बैठकीतील भाषण)



या बैठकांत आपण कापसाच्या भावावर बोलतो, विजेवर बोलतो, कर्जावर बोलतो. आज आम्ही नर्सबाईंबद्दल बोलणार आहोत. काही मंडळी म्हणतील, हा कसला विषय काढला? दवाखान्याचे दवाखानेवाले बघतील. जरा थांबा आणि २०१७ चा हंगाम आठवा.

त्या साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. औषध कोणते होते, पंप कसला होता, दोष कोणाचा, यावर पुष्कळ बोलणे झाले. व्हायलाच पाहिजे होते. पण खाटेवर पडलेल्या माणसाचा जीव रात्रभर कोणाच्या हातात असतो, हे आपण विचारले नाही.

फवारणीची बरीच औषधे ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची असतात. ते विष अंगात भिनले की तोंडाला फेस येतो, छाती भरून येते, श्वास कोंडतो. त्यावर अॅट्रोपिनची सुई देतात. ही सुई एकदा टोचून भागत नाही. सुरुवातीला दर पाच-दहा मिनिटांनी नाडी बघायची, छाती ऐकायची आणि त्याप्रमाणे डोस ठरवायचा. कमी पडला तर माणूस गुदमरतो, जास्त झाला तर ताप चढतो, तो बरळू लागतो. एवढ्यावर संपत नाही. पेशंट शुद्धीवर येतो, चहा मागतो, घरचे निश्चिंत होतात. आणि एक ते चार दिवसांत कधीतरी त्याला मान उचलता येईनाशी होते, श्वासाचे बळ सरते. ही मान वेळेवर ज्याच्या लक्षात आली, त्यानेच त्याला वाचवले म्हणायचे.

डॉक्टर फेरी मारून जातो. रात्री दोन वाजता खाटेजवळ कोण असते? नर्स असते. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे की, जिथे वैद्यकीय शिक्षण चालते त्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ नर्स हवी, साध्या रुग्णालयात ५ मागे १. एकाच बाईच्या अंगावर तीस-चाळीस खाटा टाकल्या, तर तिने कोणाची नाडी बघावी आणि कोणाची सोडावी?

ही झाली जिल्ह्याच्या दवाखान्याची गोष्ट. आता गावाकडे या. सरकारी हिशेब असा की सपाट भागात ५,००० वस्तीमागे एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,००० मागे एक. उपकेंद्राचा सारा डोलारा आरोग्यसेविकेवर. लसीकरण तिचे, गरोदर बायांची तपासणी तिची, कुटुंबनियोजन तिचे, आणि या सगळ्याची रजिस्टरे भरायचीही तिनेच. ती बदलून गेली आणि जागा भरली नाही की दाराला कुलूप. मग दिवस भरलेली लेक बैलगाडीत नाहीतर मोटारसायकलवर घालून तालुक्याला न्यायची. कपाशीत साप चावला तरी तीच वाट.

सरकार म्हणते, नर्स मिळत नाहीत. कबूल, तुटवडा जगभर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली हिशेब मांडला, तेव्हा जगात ५९ लाख नर्स कमी होत्या. श्रीमंत देश आपली तूट भरायला आपल्या शिकलेल्या मुली नेतात. केरळच्या मुली आखातात आणि विलायतेत गेल्या, त्या काही हौसेखातर गेल्या नाहीत. इथे कष्टाला मोल नव्हते. खाजगी दवाखान्यांतल्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यानंतर २०१६ साली केंद्राच्या समितीने शिफारस केली की, ५० खाटांहून लहान दवाखान्यातसुद्धा नर्सला महिना २०,००० रुपयांहून कमी देऊ नये. तुमच्या तालुक्यात नोकरी करणाऱ्या मुलीला विचारा, तिच्या हातात किती पडतात.

सरकारी नोकरीत तरी काय? कायम जागा रिकामी ठेवायची आणि त्याच कामावर कंत्राटी बाई घ्यायची. काम तेच, जोखीम तीच, पगार मात्र कमी आणि पुढच्या वर्षाची हमी नाही. ज्या पिकात खर्च निघत नाही ते पीक आपण किती वर्षे पेरतो? मग तिनेच का राहावे?

आता थोडे आपल्याबद्दलही बोलू. क्वार्टरचे दार मोडलेले, नळाला पाणी नाही, आणि रात्री दारू पिऊन दारावर धक्के मारणारा आपल्याच गावचा. तेव्हा आपण गप्प बसलो. रात्रपाळी करते म्हणून नर्स मुलगी सून करायला आपण नाही म्हणतो, आणि बायको अडली की त्याच मुलीला रात्री एकला उठवतो. हे बरे नव्हे.

म्हणून तीन कामे सांगतो. पहिले, येत्या ग्रामसभेत विचारा: आपल्या उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मंजूर जागा किती, भरलेल्या किती, त्यातल्या कायम किती, कंत्राटी किती? तोंडी उत्तर घेऊ नका. २००५ चा माहिती अधिकार आपल्या हातात आहे, लेखी मागा.

दुसरे, क्वार्टरला पाणी, दिवा आणि मजबूत कडी गावाने करून घ्यावी. तिच्या अंगावर जाणाऱ्याला गावाने आवरावे. त्यासाठी मंत्रालयात जावे लागत नाही.

तिसरे, आपल्या मुली या शिक्षणाला पाठवा. बारावीनंतर आरोग्यसेविकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. खेड्यात वाढलेली मुलगी खेड्यात टिकण्याची शक्यता जास्त, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या शिफारशींत मान्य केले आहे. जिल्ह्यातल्या मुलींना जिल्ह्यातच शिकवा आणि शिकल्यावर कायम जागा द्या, ही आपली मागणी.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या उपकेंद्राचा आकडा लिहून आणावा. फवारणीचा हंगाम दर साली येतो. त्याच्या आत ते कुलूप निघाले पाहिजे.