कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आणि संगणकावरचा भार

(संस्थेच्या अभ्यासिकेत सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बँकेत कारकून आहे आणि माझे शिक्षण कला शाखेत झाले आहे. तेव्हा कॅमेऱ्याच्या विषयावर मी का बोलावे, असा प्रश्न तुमच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे कारण असे की, फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू करण्यासाठी मुद्रा योजनेतून कर्ज मागणाऱ्या मुलामुलींचे अर्ज आमच्या टेबलावर येतात. सोबत दुकानदाराचे कोटेशन असते. त्यात कॅमेरा असतो, लेन्स असते, फ्लॅश असतो, बॅगसुद्धा असते. संगणकाच्या नावाने मात्र बहुधा एकही ओळ नसते. विचारले तर 'घरी लॅपटॉप आहे' असे उत्तर मिळते. हा घरचा लॅपटॉप नव्या कॅमेऱ्यापुढे टिकेल काय, याचा हिशेब कोणी केलेला नसतो. हप्ता मात्र ठरल्या तारखेला सुरू होतो. तो हिशेब आज आपण मिळून करू. त्याला गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही.

१९७५ साली कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी पहिला हातात धरता येण्याजोगा डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे चित्र १०० गुणिले १००, म्हणजे अवघ्या दहा हजार बिंदूंचे होते आणि ते कॅसेटच्या टेपवर उतरवून घ्यायला २३ सेकंद लागत. या बिंदूंनाच आपण पिक्सेल म्हणतो. आज साधारण बऱ्या कॅमेऱ्याचे चित्र ६००० गुणिले ४००० असते, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख पिक्सेल. यालाच २४ मेगापिक्सेल म्हणतात. २०१७ साली आलेल्या निकॉन डी ८५० चे चित्र ८२५६ गुणिले ५५०४, म्हणजे सुमारे साडेचार कोटी पिक्सेलचे आहे. २०१९ च्या सोनीच्या एका मॉडेलने तर सहा कोटींचा आकडा ओलांडला.

आता एक पिक्सेल किती जागा खातो ते पाहू. व्यावसायिक फोटोग्राफर 'रॉ' फाईल काढतात. रॉ म्हणजे सेन्सरने मोजलेला कच्चा माल. यात प्रत्येक पिक्सेलसाठी बहुधा १४ बिटांची एक संख्या असते, म्हणजे उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या. जेपेग फाईलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, म्हणून रॉमध्ये काळवंडलेला चेहरा नंतर उजळता येतो, जेपेगमध्ये तो लवकर फाटतो. ही १४ बिटांची संख्या १६ बिटांच्या, म्हणजे दोन बाइटच्या खणात ठेवली, तर साडेचार कोटी पिक्सेलची फाईल सुमारे ९१ एमबी होते. काहीही न गमावता ती दाबून बसवली तरी ५० एमबीच्या आसपास राहते. २४ मेगापिक्सेलची तशीच दाबलेली फाईल २५ ते ३० एमबीची असते.

इथपर्यंत पुष्कळांना माहीत असते. खरी गंमत फाईल उघडल्यावर आहे. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाची काच असते: निम्म्यांवर हिरवी, पाव हिश्शावर लाल, उरलेल्या पाव हिश्शावर निळी. ही मांडणी कोडॅकच्याच ब्राइस बायर यांची. तिचे पेटंट १९७६ सालचे आहे. म्हणजे लाल काचेखालच्या पिक्सेलला हिरवा आणि निळा किती होता हे ठाऊकच नसते. ते शेजाऱ्यांकडे पाहून संगणकाला ठरवावे लागते. फाईल उघडताना साडेचार कोटी पिक्सेलसाठी प्रत्येकी दोन रंगांचा अंदाज बांधावा लागतो, आणि एका संख्येच्या जागी तीन संख्या होतात. दोन बाइट गुणिले तीन, असे सहा बाइट प्रत्येक पिक्सेलला. २४ मेगापिक्सेलचे चित्र रॅममध्ये १४४ एमबी आणि ४५ चे सुमारे २७० एमबी जागा घेते. डिस्कवरची ५० एमबीची फाईल उघडताच पाचपटीहून मोठी झाली, ती अशी.

विद्यार्थी मित्रांनो, येथे डिस्क आणि रॅम यांत गल्लत करू नका. डिस्क हे गोदाम, रॅम हे कामाचे टेबल. फोटोशॉपमध्ये चेहऱ्याचा डाग काढायला एक लेयर, पार्श्वभूमीला दुसरा, असे दहा पूर्ण लेयर केले तर २७० एमबीचे २७०० होतात. मागे जाण्याची सोय म्हणून आधीच्या अवस्थाही टेबलावर राहतात. आठ जीबी रॅममध्ये विंडोज आणि ब्राउझरचा वाटा काढल्यावर हे मावत नाही. मग संगणक डिस्कवरच टेबल मांडतो, आणि आपण म्हणतो की लॅपटॉप हँग झाला. तो हँग झालेला नसतो, ओझे वाहत असतो. माझ्या मते या कामासाठी १६ जीबी रॅम ही किमान आणि ४५ मेगापिक्सेलवाल्याने ३२ धरावी. शिवाय २०२३ साली लाइटरूममध्ये आलेली कृत्रिम बुद्धिमत्तेने दाणे काढण्याची सोय ग्राफिक्स कार्डावर चालते. साध्या लॅपटॉपवर एकेका फोटोला कित्येक मिनिटे जातात, चांगल्या कार्डावर ते काम सेकंदांत होते.

आता गोदामाकडे वळू. एका लग्नात दोन हजार फोटो धरा. ५० एमबीप्रमाणे १०० जीबी झाले. हंगामात २५ लग्ने म्हणजे अडीच टीबी. हे निव्वळ एका प्रतीचे. (एक टीबीची डिस्क आणली की संगणक ९३१ जीबी दाखवतो, आणि गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडते. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. लबाडी कोणाचीच नाही.) हेच १०० जीबी जुन्या यूएसबी २.० जोडणीतून नेताना, सेकंदाला ३० ते ३५ एमबी या वेगाने, जवळजवळ तास जातो. चांगल्या फिरत्या हार्ड डिस्कला दहा-बारा मिनिटे लागतात, साध्या एसएसडीला साडेतीन-चार. परंतु कार्ड वाचणारा रीडर जुना असेल तर या साऱ्या वेगाचा उपयोग नाही.

मग इतके पिक्सेल हवेत कशाला? बँकेतलेच उदाहरण देतो. चेक ट्रंकेशन पद्धतीत कागदी चेक फिरत नाही, त्याचे चित्र फिरते. त्यातले राखाडी छटांचे चित्र इंचाला १०० बिंदूंचे असते. आठ इंच लांब चेकचे तीन लाखांहून कमी पिक्सेल होतात, आणि त्यावर लाखो रुपयांचे व्यवहार होतात. कामापुरते पिक्सेल असले की झाले. आपल्याकडे लग्नाच्या अल्बमचा बारा बाय छत्तीसचा जोडपानाचा आकार चालतो. त्याचे एक पान, बारा बाय अठरा इंच, इंचाला ३०० बिंदूंनी छापायला ३६०० गुणिले ५४००, म्हणजे एक कोटी ९४ लाख पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलमध्ये ते आरामात बसते. फुल एचडी पडद्याला तर वीस लाखच पुरतात. २०० मेगापिक्सेलचे फोन विकले जातात, तेही नेहमीचा फोटो सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच देतात. दागिने, पैठणीचा पदर किंवा जुनी कागदपत्रे यांचे बारकाईने फोटो काढणाऱ्याला, दुरून घेतलेला फोटो कापून मोठा करणाऱ्याला जास्त पिक्सेल जरूर उपयोगी आहेत. पण लक्षात घ्या, चित्रातला बारकावा लांबी-रुंदीत दुप्पट करायचा तर पिक्सेल चौपट लागतात. २४ वरून ४५ वर गेल्याने तपशील जेमतेम सदतीस टक्के वाढतो. डिस्कचा भार मात्र जवळजवळ दुप्पट होतो.

शेवटी प्रतींविषयी. बिघडलेला संगणक दुरुस्त होतो, पण दुसऱ्याचे लग्न पुन्हा लावता येत नाही. हार्ड डिस्क यंत्र आहे, पडली की मरते. एसएसडी वर्षानुवर्षे विजेविना कपाटात पडून राहिली तर तीतले भरवशाचे राहत नाही. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी, असा प्रघात आहे. मघाचे अडीच टीबी आता साडेसात होतात. हा आकडा कोटेशनमध्ये कॅमेऱ्याच्या खालच्या ओळीत लिहायचा आहे: रॅम, एसएसडी, दोन बाहेरच्या डिस्क, कार्ड रीडर. त्यासाठी ४५ ऐवजी २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्यावा लागला तर बेलाशक घ्यावा. आणि ग्राहकाला देण्याच्या पावतीवरच छापून घ्यावे की, अल्बम दिल्यानंतर रॉ फाईली अमुक महिने ठेवल्या जातील, त्यानंतर पुसल्या जातील. महिने किती, ते डिस्क मोजून ठरवा.