जास्वंदीला फळ का येत नाही?

मी कला शाखेचा पदवीधर. अकरावीला हौसेनं विज्ञानाला प्रवेश घेतला होता. पण प्रयोगशाळेत मेणाच्या तबकात टाचण्या टोचून उताणा ठेवलेला बेडूक पाहिला आणि आठवडाभरात मराठीच्या तासाला जाऊन बसलो. तेव्हा जीवशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. बोलतोय तो भाचीमुळे. तिनं या विषयाची शिक्षिका व्हायचं ठरवलं आणि तिच्याबरोबर मीही थोडाथोडा शिकत गेलो.

तिच्या नशिबी बेडूक नव्हता. प्राणिशास्त्राच्या वर्गातलं विच्छेदन थांबवा, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१४ सालीच कळवलं होतं. तिच्या वाट्याला टाळेबंदी आली. २०१९ला बी.एस्सी.ला गेली आणि दुसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल्स गंज पेठेतल्या दीड खोलीत, कुकरच्या शिट्ट्या ऐकत, मोबाइलवर पाहिली. सूक्ष्मदर्शकाला पुन्हा डोळा लागला तो तिसऱ्या वर्षी.

पुढं बी.एड. हा अभ्यासक्रम पूर्वी एका वर्षाचा होता, २०१५पासून दोन वर्षांचा झाला. त्यात शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचे वीस आठवडे असतात. खरी परीक्षा तिथं सुरू झाली.

एका रात्री ती पाठाचं टाचण घेऊन माझ्याकडं आली. ‘मामू, स्टिग्माला मराठीत काय?’ आता बघा, या मुलीच्या घरात दखनी, शाळा मराठी, कॉलेज इंग्रजी. तीन वर्षांत फुलाचा प्रत्येक भाग तिनं इंग्रजीत पाठ केलेला. आणि उद्या तो सातवीतल्या मुलांना मराठीत सांगायचा. आम्ही पाठ्यपुस्तक उघडलं. निदलपुंज, दलपुंज, पुंकेसर, परागकोश, अंडाशय. स्टिग्मा म्हणजे कुक्षी. मी शब्दांचा माणूस, तिथंच अडकलो. कुक्षी म्हणजे कूस ना? मग फुलाची कूस शेंड्यावर कशी? भाची हसली. म्हणाली, ‘कूस खालीच आहे मामू, अंडाशयात. वरचा तो दरवाजा. पराग तिथं चिकटतो.’ पन्नाशीत मला फूल कळलं ते असं.

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात प्रत्येक बाकावर एक जास्वंद दिली. मधली लांब नळी, तिच्यावर पिवळे परागकोश, टोकाला पाच लाल ठिपके. ते ठिपके म्हणजे कुक्षी. मुलं रंगली. पराग कुक्षीवर पडतो, बीजांडाचं बी होतं, अंडाशयाचं फळ होतं, इथवर पाठ आला आणि मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. ‘बाई, आमच्या दारात जास्वंद आहे. रोज फुलते. तिला फळ का येत नाही?’

भाचीला उत्तर येत नव्हतं. तिनं तसं सांगितलं आणि उद्या शोधून आणते म्हणाली. मागं बसलेल्या निरीक्षकांनी शेरा दिला : पाठ उद्दिष्टापासून भरकटला. चार गुण गेले. घरी येऊन रडली. माझ्या मते त्या तासाला शिक्षिका म्हणून तिचा जन्म झाला. पण माझं मत गुणपत्रिकेत धरत नाहीत.

उत्तर तिनं शोधलं. बागेतली जास्वंद आपण फांदी खोचून वाढवतो. पिढ्यान्‌पिढ्या असं फांद्यांवर चाललेल्या या झाडाला बी क्वचितच धरतं. पण तिच्याच कुळातली भेंडी पाहा. तशीच पाच पाकळ्या, तशीच मधली नळी, आणि खाली फळ तयार. तिनं मंडईतून पाव किलो भेंडी नेली आणि आडवी चिरून मुलांना आतले पाच कप्पे मोजायला लावले. या पाठाला निरीक्षक नव्हते.

त्यानंतर परीक्षाच परीक्षा. सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटी हवी. तिच्या पेपरात दीडशेपैकी साठ गुण गणित आणि विज्ञानाला मिळून, जीवशास्त्र त्यातलाच एक तुकडा. नोव्हेंबर २०२४ची परीक्षा ती पास झाली. नेमणुकीसाठी पुन्हा वेगळी, दोनशे गुणांची अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी. अंकमालिका, दिशा, नातेसंबंध. जीवशास्त्राचा एकही प्रश्न नाही. ही चाचणी पहिल्यांदा २०१७च्या डिसेंबरात झाली, नंतर थेट २०२३मध्ये, मग २०२५मध्ये. मधल्या पाच वर्षांत ज्यांची उमेदवारीची वयं सरली, त्यांनी काय करावं?

परीक्षा घेणारी परिषद आपल्या पुण्यातच आहे, लाल देवळाजवळ. गंज पेठेतून चालत जाता येतं. भाची तिथून जाताना मान वळवून पाहते, मीही पाहतो. निवड यादीत तिचं नाव अजून आलेलं नाही. सध्या एका खाजगी शाळेत तासावर शिकवते. सुट्टीत तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. बहीण म्हणते, एवढं शिकून बँकेची परीक्षा दिली असती तर? मी गप्प बसतो, कारण बहिणीचा हिशेब चुकीचा नाही.

गच्चीवर तेलाच्या डब्यात तिनं भेंडीचं रोप लावलंय. परवा फोन आला, ‘मामू, कळी धरलीय. भाजीसाठी तोडायची नाही हं, सातवीला दाखवायचीय.’