ताटात तूर, नाव ग्वांदुलेस

आज आम्ही तुम्हाला लांबच्या एका बेटावरच्या स्वयंपाकघरात नेणार आहोत. देशाचं नाव डोमिनिकन रिपब्लिक. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचा पूर्वेकडचा भाग म्हणजे हा देश, आणि पश्चिमेकडे हैती. कोलंबस १४९२ साली या बेटावर पोचला, आणि पुढे इथे स्पॅनिश भाषा रुजली. पण पदार्थांची नावं नीट ऐकली, की कळतं ती सगळी काही स्पॅनिश लोकांची नाहीत.

आधी तुरीचं बघू. तूर मूळ आपल्या भारतातली. इथून ती आफ्रिकेत गेली, आणि गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकन माणसांच्या काळात समुद्र ओलांडून त्या बेटांवर पोचली. तिथे तिचं नाव ग्वांदुलेस. हे नावही आफ्रिकेतल्या काँगोकडच्या भाषेतून आलेलं. म्हणजे दाणा आपला, नाव आफ्रिकेचं आणि बोलणारे स्पॅनिश! तिकडे तुरीची डाळ करून वरण नाही करत. ओले दाणे घेतात, आपण हिवाळ्यात सोलतो तसेच, आणि नारळाच्या दुधात तांदळाबरोबर शिजवतात. नाताळच्या जेवणात हा भात हवाच. तुरीचे दाणे घालून भात आपणही करतो, त्यामुळे आम्हाला तो मुळीच परका वाटला नाही.

बटाट्याची गंमत आणखी वेगळी. तिथल्या बाजारात ‘बटाटा’ मागितला तर तुमच्या पिशवीत रताळं पडेल! बेटावरचे मूळ रहिवासी ताइनो लोक. त्यांच्या भाषेत रताळ्याला बटाटा म्हणत. युरोपातल्या लोकांनी तो शब्द उचलला, पोर्तुगीजांबरोबर तो आपल्याकडे आला आणि इथे दुसऱ्याच कंदाला चिकटला. तिकडे खऱ्या बटाट्याला पापा म्हणतात.

त्यांचं रोजचं दुपारचं जेवण म्हणजे भात, राजम्यासारख्या घेवड्याची पातळ उसळ आणि मटण किंवा कोंबडी. या ताटाला ते ‘ला बांदेरा’ म्हणतात, म्हणजे झेंडा. भाताच्या पातेल्याला तळाशी जी खरपूस पापडी धरते ना, तिचं नाव कोनकोन. आपल्याकडे कुणी तिला खरवड म्हणतं, कुणी खरपुडी. आपल्याकडे ती बहुतेक वेळा पातेलं घासणारीच्या वाट्याला येते. तिकडे मात्र ती पाहुण्याला आवर्जून वाढतात.

सकाळी मांगू. हिरवी केळी उकडून घोटायची आणि वर व्हिनेगरमध्ये परतलेला कांदा. अमेरिकी सैनिकांनी चव घेऊन इंग्रजीत वाहवा केली, त्यावरून हे नाव पडलं, अशी गोष्ट तिकडे सांगतात. आम्हाला ती पटत नाही. शब्द आफ्रिकेतूनच आला असावा असं जाणकार मानतात. होळीच्या आसपास त्यांचा उपवासाचा काळ असतो. तेव्हा घेवडा शिजवून, गाळून, त्यात नारळाचं दूध, साखर, रताळ्याचे तुकडे, दालचिनी, लवंग घालतात. त्याला म्हणतात आबिचुएलास कोन दुल्से. मोठ्या भांड्यात करायचं आणि शेजारीपाजारी वाटायचं. कडधान्य गोड करायचं म्हटलं की काही जणी तोंड वाकडं करतील, पण बायांनो, पुरण आपण कशाचं करतो?

आता कासाबे. हा शब्द ताइनो लोकांचा. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, त्याच कंदाची ही भाकरी. या कंदाच्या कडू जातीत विष असतं. म्हणून तो सोलायचा, किसायचा, पिळून सगळा रस काढून टाकायचा, पीठ चाळायचं आणि तव्यावर पसरून भाजायचं. तेल लागत नाही. ही भाकरी महिनोन्महिने टिकते. स्पॅनिश जहाजांवरही शिदोरी म्हणून तीच जायची. बाहेरून आलेल्यांनी शिकायची तर त्यांच्याकडूनच शिकावी लागली, म्हणून नावही त्यांचंच राहिलं. मोन्सिओन नावाचं गाव आजही या भाकरीसाठी ओळखलं जातं. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने कासाबे करण्याच्या विद्येची मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. डोमिनिकन रिपब्लिक, हैती, क्यूबा, होंडुरास आणि व्हेनेझुएला अशा पाच देशांच्या नावाने.

हे सगळं आम्ही गटाच्या बैठकीत वाचलं, त्यालाही कारण होतं. आमच्या बिबड्या घेणाऱ्या एका व्यापाऱ्याचं म्हणणं आहे की पाकिटावर ‘बिबड्या’ नको, ‘ज्वारी क्रिस्प’ लिहा, शहरात खपतील. भावही थोडा जास्त देतो म्हणतो. यावर आमच्यात दोन तट पडले. काही जणींना भाव महत्त्वाचा वाटतो, आणि त्यात त्यांचं चूक नाही. वाळवणाच्या दिवसांत उन्हात पाठ त्यांचीच भाजते. बाकीच्या म्हणतात, क्रिस्प कुणीही कारखान्यात करेल. मग ज्वारी भिजवणं, कांडणं, घाटा शिजवणं, कापडावर थापणं हे कुणाचं काम, ते गिऱ्हाइकाला कसं कळणार? सध्या असं ठरलंय की पन्नास पाकिटांवर मोठ्या अक्षरात ‘बिबड्या’ छापायचं, खाली बारीक अक्षरात ‘ज्वारीचे पापड’. पन्नास पाकिटं व्यापाऱ्याच्या नावाने. दोन्ही एकाच आठवड्याच्या बाजारात, एकाच भावाने ठेवायची.

तुमच्या गावात वाळवणाला काय नावं आहेत, ती आम्हाला कळवा. एकाच पापडाची चार नावं असली तर चारही कळवा.