एक्क्यांचा वर्ग : १२३४५६७८९८७६५४३२१



बालाजी महाराजांच्या देऊळगाव राजात आज मी एकाच संख्येविषयी बोलणार आहे. फळ्यावर लिहिली आहे ती पाहा : १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, उलटे वाचले तरी तेच. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त स्थानांची नावे दिली आहेत. त्यांत हिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी बसतो. त्यानंतर एकच नाव उरते, परार्ध.

ही संख्या म्हणजे नऊ एक्क्यांचा, १११११११११ चा, वर्ग. पुढे बसलेल्या मुलांनो, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि उभा गुणाकार मांडा. एक्क्यांच्या नऊ ओळी येतील, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाच्या रकान्यात एकच एक्का, शेजारी दोन, मग तीन. मधल्या रकान्यात नऊही ओळी एकमेकींखाली येतात. तिथून पुन्हा एकेक ओळ कमी होत जाते. हातचा कुठेही येत नाही. हिला चमत्कार म्हटलेले मला रुचत नाही. इतके उघड कारण समोर असताना ते मुलांपासून का लपवायचे?

अशा संख्यांचा ध्यास घेतला तो दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. १९०५ साली डहाणूला जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. ६१७४ मुळे त्यांचे नाव जगभर गेले, पण मला त्यांच्या डेमलो संख्या अधिक प्रिय आहेत. जी.आय.पी. रेल्वेच्या डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्टेशनावर ही कल्पना सुचली म्हणून ते नाव. १, १२१, १२३२१ या त्यांतल्या ‘अद्भुत डेमलो’. आपली संख्या त्याच रांगेतली नववी.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले. आपल्या संख्येची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला भाग जातोच. कारण नऊ एक्क्यांची बेरीज नऊ, म्हणून १११११११११ ला ९ ने भाग जातो आणि तिच्या वर्गाला ८१ ने. त्या पहिल्या भागाकारात उत्तर येते १२३४५६७९, आठ गाळून! ते फोडले की ३७ आणि ३३३६६७ या दोन मूळ संख्या मिळतात. एवढ्यावरून आपल्या संख्येचे सगळे विभाजक मोजता येतात : ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते.

आता दहा एक्के घ्या. मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर निघते १२३४५६७९००९८७६५४३२१. डौल मोडला, आणि एकोणीस अंकी ही संख्या परार्धाच्याही पलीकडे गेली. पण दोष एक्क्यांचा नाही. आपण दहाने मोजतो म्हणून हातचा तिथे आला. बाराने मोजणाऱ्यांना हाच डौल अकरा एक्क्यांपर्यंत मिळेल. आठाने मोजणाऱ्यांना सातपर्यंतच. आठाच्या पद्धतीत सात एक्क्यांचा वर्ग घरी करून पाहा : १२३४५६७६५४३२१ आला पाहिजे.