कातकरी बांधव व त्यांचा भूमीवरील हक्क
(ज्युबिलीनिमित्त खडकी येथें केलेलें भाषण)



आपल्यापैकीं पुष्कळांचीं घरें विटांचीं आहेत. पण त्या विटा कोणीं थापल्या याचा विचार आपण क्वचितच करतों. पुणें व रायगड जिल्ह्यांतील वीटभट्ट्यांवर राबणाऱ्यांत कातकरी कुटुंबें पुष्कळ. दिवाळीनंतर भट्टीवाल्याची उचल घेऊन तीं वाडी सोडतात व पावसाळा तोंडावर आला म्हणजे परततात. उचल बहुधा फिटत नाहीं. पोरांची शाळा मात्र सुटते.

धरणाच्या पाण्यानें गांव बुडालें तर तें विस्थापन सर्वांच्या डोळ्यांस दिसतें. कातकऱ्यांचें विस्थापन कोणास दिसलें नाहीं, कारण तें कागदावर झालें. खैराच्या लाकडाचा काढा आटवून कात करणें हा त्यांचा वंशपरंपरागत धंदा. त्यावरूनच त्यांस हें नांव पडलें. १८७८ च्या वनकायद्यानें रानें सरकारी राखीव होत गेलीं, परवानगीवांचून खैरावर कुऱ्हाड चालविणें गुन्हा ठरला, आणि रानचा कारागीर रानाचा चोर म्हणविला गेला. मग कोणी सावकाराच्या शेतावर राबला, कोणी कोळशाच्या भट्टीवर. वाड्याहि बहुधा परक्याच्या जमिनीवर वसल्या. मालकानें जमीन विकली कीं झोंपडें उठलेंच! हें भय आजहि गेलेलें नाहीं.

वनवासी जनांवर झालेल्या अन्यायाची कबुली संसदेनें २००६ च्या वनहक्क कायद्यांत स्वतःच दिली आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून आदिवासी कुटुंब जी वनजमीन कसत असेल, तिच्यावर चार हेक्टरांपर्यंत त्याचा हक्क मान्य व्हावा. पट्टा पतिपत्नी दोघांच्या नांवें असावा. चौकशी पुरी होईपर्यंत कोणास हुसकूं नये, असें तो सांगतो. मला त्यांत सर्वांत मोलाची वाटते ती पुराव्याची तरतूद. ज्याच्या आज्यानें कधीं कागद पाहिला नाहीं, त्यानें कागद आणावा कोठून? म्हणून वृद्धांची लिहून घेतलेली साक्षहि नियमांत पुरावा मानली आहे.

गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवानें याच कायद्याच्या आधारें २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर रानावर सामुदायिक हक्क मिळविला, व २०११ पासून तें आपला बांबू आपण विकूं लागलें. तेथें ग्रामसभेंत एकत्र बसून एकमतानें ठरविण्याची रीत आधींपासूनच होती. परंतु अर्धें वर्ष भट्टीवर काढणारा कातकरी ग्रामसभेस जाणार केव्हां? दावा मांडावयाचा तो ग्रामसभेपुढेंच. आणि तिचा ठराव विरुद्ध गेला तर उपविभागीय समितीकडे दाद मागण्यास मुदत अवघी साठ दिवसांची!

नाताळांत कपडे व धान्य वांटणें सोपें आहे. तें कोणीं करूं नये असें मी म्हणत नाहीं. परंतु जेथें वाडी वनजमीन कसते, तेथें अर्ज लिहून देणें, जातीच्या दाखल्यासाठीं कचेरींत सोबत जाणें, म्हाताऱ्याकोताऱ्यांची साक्ष उतरवून घेणें, नकाराचें पत्र आल्यास त्यावरील तारीख वाचून सांगणें, इतकें आपल्यांतील लिहितेवाचते तरुण खचित करूं शकतील. कातकरी पावसाळ्यांत वाडीवर असतात. येत्या आषाढांत पांचसहाजणांनीं पहिली खेप करावी.